कापणीचा सण आणि घमेलंभर खडी

आमच्या मंडळीत कापणीचा सण फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी असायचा. ज्वारी खळ्यावर येऊन पडलेली, हरभऱ्याचे घाटे वाळत आलेले, पहाटे थंडी आणि दुपारी चटका. नेवाशाकडचं गाव, चाळीसेक ख्रिस्ती घरं आणि पत्र्याचं देऊळ. देऊळच म्हणायचो आम्ही. ‘चर्च’ हा शब्द नगरला शिकायला गेल्यावर तोंडात बसला. सण कापणीचा खरा, पण आमच्यातल्या निम्म्याहून जास्त घरांना कापायला स्वतःचं रान नव्हतं. दुसऱ्याच्या रानात खुरपायचं, सोंगायचं आणि मजुरीत मिळालेल्या ज्वारीतली पायलीभर देवापुढं आणून ठेवायची.

आदल्या दिवशी बाया देऊळ सारवायच्या, पोरं दाराला उसाचे खांब बांधायची, पुलपिटाला, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्याला, ज्वारीची कणसं. चिमण्या आत शिरून उपासनेच्या मध्येच ती कणसं टिपायच्या, आणि आमचं सगळं लक्ष चिमण्यांकडं. सकाळी उपासना, मग शब्बाथशाळेच्या, म्हणजे देवळातल्या रविवारच्या शाळेच्या, मुलांचं बायबलातल्या वचनांचं पाठांतर, मग आणलेल्या अर्पणांचा लिलाव, मग प्रीतिभोजन, रात्री पेटी-तबला-टाळ आणि भजन. कृष्णराव सांगळ्यांची आणि नारायण वामन टिळकांची पदं आमच्या म्हाताऱ्यांना पाठ असायची, पुस्तक हातात नुसतं धरलेलं. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढं नगरला राहिले, त्यामुळं ते आपल्याच जिल्ह्याचे असं आमचा गाव ठामपणे धरून चालायचा. कोकणातल्या माणसाला आम्ही परस्पर नगरकर करून टाकलं होतं.

असाच घोटाळा दुसराही होता. मराठी नवा करार १८११ साली श्रीरामपूरला छापला, असं पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, दरवर्षी सांगायचे. आम्हाला श्रीरामपूर एकच माहीत, उसाच्या गाड्या जातात ते. तिथं बाजाराला गेलं की मी छापखाना शोधायची. ते श्रीरामपूर बंगालातलं आणि छापणारा मिशनरी विल्यम केरी, हे कळेपर्यंत मी आठवीत गेले होते.

पाठांतराचा नियम साधा होता: जितकी वचनं बिनचूक, तितके गुण. पोरं हुशार. योहानाच्या अकराव्या अध्यायातलं पस्तिसावं वचन सगळ्यांना ठाऊक: ‘येशू रडला.’ दोन शब्द, एक गुण. एका वर्षी सात पोरांनी ओळीनं तेच म्हटलं, तेव्हा पाळकसाहेबांनी ते वचन स्पर्धेतून बादच केलं. तेव्हापासून शब्बाथशाळेत ‘येशू रडला’ म्हणजे कामचुकारपणा, असा अर्थच झाला. गृहपाठ केला नाही की आम्ही एकमेकांना म्हणायचो, “काय, आज येशू रडला वाटतं?”

मी पाठांतरात पटाईत. पहिल्या करिंथकरांस पत्राचा तेरावा अध्याय, तेराच्या तेरा वचनं, मी एका दमात म्हटला आणि स्टीलचा डबा जिंकला. धाकट्या भावाला सातव्या वचनानंतर काही आठवेना. देवळामागं त्यानं डब्याला हात लावला म्हणून मी त्याच्या पाठीत तोच डबा घातला. आजी भाकऱ्या थापत होती. पीठभरल्या हातानं तिनं माझा कान धरला.

“चौथं वचन म्हन.”

“प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, प्रीती हेवा करत नाही...”

“आता त्याच्याकडं बघून म्हन.”

ते काही मला जमलं नाही. डब्याला पोचा पडला होता. तो पोचा पुढं कितीतरी वर्षं मी डब्यात चपात्या भरताना पाहत आले.

आजी चाळिशीत वाचायला शिकली. गावात एक बायबलबाई यायच्या, घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात वाढलेल्या. त्यांनी कंदिलाच्या उजेडात तिला अक्षरं गिरवायला लावली. त्या बाईंच्या पिशवीत रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबल असायचं. रमाबाई त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायांना वाचता यावं अशी भाषा त्यांनी धरली, आणि १९२२ साली काम हातावेगळं करून त्या गेल्या. छापायचं कामही मुक्तीच्या छापखान्यात बायांनीच केलं. आजीचं स्वतःचं बायबल बायबल सोसायटीचं, मोठ्या टायपाचं. पण पाळकसाहेबांनी एखादं वचन समजावून सांगितलं की ती हळूच म्हणायची, “रमाबाईंच्यात वेगळं हाय.” पाळकसाहेब हसायचे आणि घरी जाऊन ताडून पाहायचे, असं पाळकबाईच सांगायच्या.

ती वाचायची बोटानं. ओळीखाली बोट सरकायचं, ओठ हलायचे. रूथच्या पुस्तकाची पानं हळदीनं पिवळी पडलेली, कारण ते ती चुलीपुढं बसून वाचायची. सासू-सुनेची गोष्ट म्हणून नव्हे, सरव्यासाठी. कापणीनंतर रानात पडून राहिलेली कणसं वेचायची तो सरवा. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, आणि आमची आजी लहानपणी आईच्या मागं परक्याच्या रानात तेच करायची. कोण मालक वेचू देतो, कोण कुत्रं सोडतो, हे तिला वेशीपासून नदीपर्यंत पाठ होतं. बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतलंच थोडं मुद्दाम तिच्यासाठी टाका. त्या ओळीपाशी आजीचं बोट थांबायचं. “असा मानूस मी एकच पाह्यला,” म्हणायची. कोण, ते सांगायची नाही.

पाळकसाहेबांनी एका वर्षी टूम काढली: वर्षात सबंध बायबल वाचायचं. एकूण अध्याय ११८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात संपतं, असा हिशेब फळ्यावर मांडला. शेजारच्या आळीत ज्ञानेश्वरीचं पारायण बसायचं. नेवासं म्हणजे ज्ञानेश्वरीचं गाव, तिथली माणसं वाचनाच्या बाबतीत भारी शिस्तीची. ती आम्हाला विचारायची, “तुमचं पारायण कुठवर आलं?” आणि जानेवारी संपता संपता आमची गाडी लेवीयात, बायबलाच्या तिसऱ्या पुस्तकात, रुतलेली असायची. उत्पत्ती-निर्गम भराभर जायचं, गोष्टीच गोष्टी. लेवीयात चरबी, गुरदे, महारोग आणि भिंतीवरचे डाग. दरवर्षी निम्मी मंडळी तिथंच बसायची. मीही. पण आजी लेवीय चिकाटीनं वाचायची, कारण एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडा कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबाला राहू द्या, असं आहे. “ह्या कायद्याला मालक लोकांनी हात लावायला पायजे व्हता,” हे तिचं मत.

आता खडीचं सांगते. १९७२ चा दुष्काळ. मी दहा वर्षांची. खरीप गेलं, रब्बी पेरलंच नाही. गावातली धट्टीकट्टी माणसं, आणि धट्टी नसलेलीही, दुष्काळी कामावर खडी फोडायला. रेशनला तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना चिरायची. शाळेत सुकडी मिळायची. त्रेहत्तरच्या फेब्रुवारीत कापणीच्या सणाची वेळ आली तेव्हा पाळकसाहेबांनी मंडळीपुढं विषय काढला की यंदा सण राहू द्यावा. कापायला आहे काय?

आजी बायांच्या बाजूनं उठली. ती सभेत बोलत नसे. म्हणाली, “हबक्कूक वाचा, पाळकसाहेब.” त्यांनी बायबलातलं त्या संदेष्ट्याचं पुस्तक काढून वाचलं. अंजीर फुललं नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, शेतात अन्न पिकलं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. गोठ्यात गुरं उरली नाहीत, इथं एक जण खोकला. त्याचा बैल आदल्याच महिन्यात गेला होता. कुणी काही बोललं नाही आणि सण ठरला.

तो सण माझ्या आठवणीतला सगळ्यात गरीब सण. पुलपिटापुढच्या सतरंजीवर मूठमूठ मिलो, सुकडीच्या पुड्या, कुणाच्या परसातली दोन लिंबं, एक कोंबडी. कोंबडीकडं सगळे आशेनं बघत होते. आणि मग आमच्यातला एक म्हातारा, भजनात टाळ धरायचा तो, डोक्यावर घमेलं घेऊन आत आला. पुढं गेला, घमेलं उतरवलं. घमेल्यात खडी.

आधी पोरं हसली, मग मोठी. म्हातारा म्हणाला, “यंदा हेच पिकलं. दुसरं काय आनू?”

पाळकसाहेब घटकाभर गप्प. त्यांचं प्रवचन लिहून तयार होतं, पण ते त्यांनी बाजूला सारलं आणि बायबलाची पानं उलटत राहिले. आम्हाला वाटलं, ते चिडले. शेवटी पहिल्या शमुवेलातला सातवा अध्याय सापडला. शमुवेल एक धोंडा घेतो, उभा करतो आणि त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असं नाव देतो. म्हणतो, येथवर परमेश्वराने आम्हाला साहाय्य केले. पाळकसाहेबांनी तेवढंच वाचलं. प्रवचन असं त्या दिवशी झालंच नाही.

लिलावात कोंबडी सात रुपयांना गेली. खडीला बोली कोण लावणार? शाळेचे हेडमास्तर, आमच्यातले नव्हते, पाहुणे म्हणून आले होते, त्यांनी रुपया लावला. एकवार, दोनवार, तीनवार. मास्तरांनी ती खडी देवळालाच देऊन टाकली. पावसाळ्यात दारापुढं चिखल व्हायचा, तिथं ती पसरली. पाव ब्रासही नसेल, पण त्या जूनमध्ये पाऊस पडला आणि चिखल तुडवत येणारा जो तो खडीवर पाय घासून आत आला. म्हातारा दाराशी उभा राहून बघत होता.

पुढच्या सणांचं सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. एक मात्र लख्ख दिसतं. आई आणि धाकटी चुलती नाताळापासून बोलत नव्हत्या. खलबत्त्यावरून झालेलं भांडण, कुणाचा खलबत्ता हे आता कुणालाच आठवत नाही. सणाच्या दिवशी आई मेथीची टोपली घेऊन पायरीपर्यंत आली आणि थबकली. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, हे मत्तयातलं वचन गेल्याच रविवारी झालं होतं. आईनं टोपली माझ्या हातात दिली. “धर जरा,” म्हणाली आणि उलटी फिरली. मी मेथी धरून उन्हात उभी, आत गाणं सुरू झालेलं. अर्ध्या तासानं दोघी आल्या. काय बोलल्या ते मला कधी कळलं नाही. टोपली माझ्याकडून चुलतीनं घेतली आणि मेथी सुकली म्हणून मलाच बोलली.

पुढं मी बँकेत लागले आणि तीस-बत्तीस वर्षं काउंटरवर काढली. ‘मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते’ हे नीतिसूत्रांतलं वचन मला सहावीत पाठ होतं, पण काउंटरवर ते दुपारी बारापर्यंतच टिकायचं. पेन्शनच्या दिवशी तर अकरापर्यंत. एकदा एका आजोबांवर मी ओरडले, सही जुळत नव्हती म्हणून. ते थरथरत्या हातानं परत सही करत राहिले. संध्याकाळी घरी आले, डबा घासायला काढला, पोच्यावर बोट गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावची एस.टी. विचारून घेतली आणि घरी जाऊन सही करून आणली. साहेबांना कळलं असतं तर नियमात बसलं नसतं. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. असे ओरडलेले लोक शंभर असतील, त्यातल्या एकाच्या घरी गेले.

आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. ती मयतीच्या घरी जायची तेव्हा बोलायची नाही. बाकीच्या बाया पुनरुत्थानाची वचनं सांगायच्या, ‘तो चांगल्या जागी गेला’ म्हणायच्या. ही जाऊन त्या बाईजवळ भिंतीला टेकून बसायची आणि कधीतरी एवढंच म्हणायची, “येशूबी रडला, बाई.” आम्ही ज्याला कामचुकारपणा म्हणून हसायचो, ते तिचं सगळ्यात जास्त वापरातलं वचन होतं. मित्र लाजर मेला आणि येशू उशिरा पोचला, तेव्हाचं ते वचन.

यंदा सणाला गेले होते. देऊळ आता स्लॅबचं, दारापुढं पेव्हर ब्लॉक, वचनं मोबाइलवर. लिलावात एका लिंबाला अकराशे रुपये आले, बोली पुण्याहून फोनवर. जेवण मात्र तसंच, आमटीला तोच ठसका. मला पाठांतराची परीक्षक म्हणून बसवलं, शेजारी शब्बाथशाळेच्या बाई. नियमांचा कागद छापील, आणि ते जुनं वचन अजून बादच.

सात-आठ वर्षांचा एक मुलगा पुढं आला. स्तोत्र सुरू केलं, दुसऱ्या ओळीला अडकला, छताकडं पाहिलं, पायानं फरशी घासली आणि म्हणाला, “येशू रडला.” सगळे हसले. तो जागेवर निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं.

“का रे रडला?”

त्यानं थोडा विचार केला.

“त्याला यायला उशीर झाला ना, म्हणून.”

शेजारच्या बाईंनी नियमाप्रमाणे त्यांच्या कागदावर शून्य घातलं. मी माझ्यावर दहा लिहिले. त्यांनी पाहिलं आणि काही न बोलता खोडरबर माझ्याकडं सरकवला. तो तिथंच राहिला; पुढची मुलगी तेविसावं स्तोत्र म्हणायला उभी राहिली होती.