तुम्ही विचारलंत म्हणून: नवऱ्याची सही लागते का?

छत्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांत स्टाफ नर्स होते. निवृत्त झाल्यावर लोक बीपी, शुगर आणि गुडघ्यांबद्दल विचारतील असं वाटलं होतं. तेही विचारतात. पण लग्नात हात धुताना, एसटीत शेजारी बसल्यावर, भाचीच्या मैत्रिणीच्या मेसेजमधून गर्भपाताबद्दलचा एक प्रश्न जास्त येतो, आणि तो कायम आवाज खाली करून येतो: "सिस्टर, खाली करायचं असेल तर नवऱ्याची सही लागते का हो?"

नाही लागत.

बाई अठरा वर्षांची झालेली असेल आणि मनोरुग्ण नसेल, तर फक्त तिची सही. नवरा, सासू, दीर, बाप, कुणाचीही नाही. लग्न झालेलं नसेल तरी हेच. अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते, आणि तिथेही पालक म्हणजे बापच असं कायदा म्हणत नाही. मुलीला सांभाळणारी व्यक्ती म्हणजे पालक. आई चालते, सांभाळणारी आजी असेल तर तीही चालते.

एवढं सांगून थांबले तर समोरच्या बाईला खरं वाटत नाही. त्यात तिची काही चूक नाही, कारण तिच्याकडून ती सही कुणीतरी मागितलेली असते. मागणाऱ्यांत कितीतरी वर्षं मीही होते.

नोकरीला लागले तेव्हा प्रत्येक केसपेपरवर 'नातेवाईकाची सही' असा रकाना असे. हर्निया असो, अपेंडिक्स असो, सिझर असो, ती सही घ्यायचीच. एमटीपीला, म्हणजे कायदेशीर गर्भपाताला, वेगळं काही असेल हे आमच्या डोक्यातच येत नसे. माझी सिनियर सांगायची, "नवरा खाली टपरीवर असेल, बोलाव त्याला, उद्या दंगा नको." मी तेच पुढच्या पोरींना शिकवलं. दंग्याची भीती खोटी नव्हती म्हणा. बाई घरी गेल्यावर आठ जण घेऊन येणारे नवरे आम्ही पाहिलेत. पण आमची भीती आम्ही तिच्या कागदावर लिहीत होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एक बाई आली, धाकटं पोर नऊ महिन्यांचं, कडेवर. दहा आठवडे झाले होते. नवरा ट्रकवर, गुजरातच्या लाईनला. मोबाईल तेव्हा कुठले? मी तिला सांगितलं, नवऱ्याला घेऊन ये. ती अठरा दिवसांनी आली, नवऱ्यासकट, सहीसकट. तोवर बारा आठवडे उलटून गेले होते. त्या वेळी बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरे, त्यापुढे वीसपर्यंत दोघांचं लागायचं, आणि आमच्याकडे एकच डॉक्टर. तिला जिल्ह्याला पाठवावं लागलं. चिठ्ठी मीच लिहिली.

पुढे कधीतरी एका ट्रेनिंगला आम्हाला एका वयस्कर डॉक्टरबाईंनी फॉर्म सी मोठ्याने वाचायला लावला. हा संमतीचा सरकारी नमुना, अर्ध्या पानाचाही नाही. मी अमुक, अमुक यांची मुलगी किंवा पत्नी, वय अंदाजे इतके, राहणार अमुक, माझी गर्भधारणा संपवण्यास संमती देते. खाली तारीख, ठिकाण, सही. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आता मला दाखवा, नवऱ्याने सही कुठे करायची?" आम्ही सगळ्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. नवऱ्याचं नाव त्यात आहे ते बाईची ओळख पटावी म्हणून, गावाचं नाव असतं तसं. ट्रकवाल्याची बायको मला तिथेच आठवली.

एमटीपीचा कायदा १९७१ चा, लागू झाला १ एप्रिल १९७२ ला. कायदा केंद्राचा, पण त्याची पायवाट आपल्याकडून गेलेली आहे. ज्या समितीने त्याची शिफारस केली तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह, तेव्हाचे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. १९६४ साली समिती नेमली, १९६६ च्या अखेरीस तिचा अहवाल आला. त्याआधी इंग्रजांच्या दंडविधानातलं ३१२ कलम होतं: बाईचा जीव वाचवणं सोडून गर्भपात केला तर गुन्हा, आणि करवून घेणारी बाईही गुन्हेगार. सुइणी, काड्या, जडीबुटी, आणि मग सेप्टिक होऊन येणाऱ्या बाया, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून १९७१ चा कायदा झाला.

तरी ते ३१२ कुठे गेलं नाही. आज ते भारतीय न्याय संहितेत ८८ आकड्याने बसलेलं आहे. मूळ गुन्हा तसाच, आणि एमटीपी कायदा म्हणजे त्यातून काढलेली वाट. त्या वाटेवर 'बाईची इच्छा' एवढं कारण पुरत नाही. डॉक्टरने प्रामाणिकपणे मत बनवायचं की तिच्या शरीराला, मनाला धोका आहे, किंवा बाळात गंभीर व्यंग असेल, किंवा बलात्कार झाला, किंवा संततिनियमनाचं साधन फसलं. म्हणजे कुणी मला "हा बायकांचा हक्क आहे ना?" असं विचारलं तर मी सरळ हो म्हणत नाही. दार डॉक्टरच्या मतानेच उघडतं. उघडल्यावर आत जायचं की नाही, ते मात्र तिने एकटीने ठरवायचं.

आता सहीची दुसरी बाजू. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. १९७६ मध्ये मी चौदा वर्षांची होते आणि आमच्या घरी रात्री एकच बोलणं चालायचं: नसबंदीच्या किती केसेस झाल्या. मास्तरांना कोटा दिलेला होता. वडील सायकल घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरायचे आणि लोक त्यांना बघून शेतात पळायचे. नंतर कळलं, त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने देशात कुणी केलं नव्हतं ते केलं होतं. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. तीन मुलं झाली की ऑपरेशन, नाही केलं तर तुरुंग. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही, १९७७ मध्ये सरकारं बदलली आणि ते तिथेच राहिलं. त्या विधेयकात कुणाच्याच सहीची गरज नव्हती. फॉर्म सीचा विचार करताना मला वडिलांची ती सायकल हटकून आठवते. (आज नसबंदीलासुद्धा जोडीदाराची संमती लागत नाही, हे जाता जाता. तो प्रश्नही बरेच जण विचारतात, बहुतेक पुरुष, आणि बायकोला कळू नये म्हणून.)

एका बाबतीत मात्र महाराष्ट्राने पहिलं पाऊल टाकलं आणि ते योग्य टाकलं. ऐंशीच्या दशकात गर्भजल परीक्षण करून मुलगा की मुलगी सांगणं उघड धंदा झाला होता. आत्ता थोडे पैसे घाला, पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लोकलच्या डब्यात लागायच्या. मुंबईतल्या बायकांच्या संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी ते लावून धरलं, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने त्याविरुद्ध कायदा केला. देशातलं पहिलं राज्य. केंद्राला जाग यायला १९९४ उजाडलं. तोवर सोनोग्राफी तालुक्याला पोचली होती, २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला, आणि आमच्या टेबलावर सोनोग्राफीच्या वेळी भरायचा फॉर्म एफ आला. त्यात बाई सही करते की मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, आणि डॉक्टर सही करतो की मी ते पाहिलंही नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. अशा सह्या लाखांनी झाल्या आणि तरी महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे १९९१ ला ९४६ मुली होत्या, त्या २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४ झाल्या. २०१७ ला सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. कागद काय थांबवतो आणि काय नाही, ते आम्हा सिस्टरांना विचारा.

यातून एक भलतीच गोष्ट झाली, आणि तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. ओपीडीच्या भिंतीवर 'भ्रूणहत्या महापाप' चं पोस्टर, त्याच्याखाली बाक, आणि बाकावर एमटीपीला आलेली बाई. दोन मुलांची आई, तांबी निसटून दिवस गेलेले. बाळ मुलगा की मुलगी याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. ती पोस्टर वाचते आणि मला विचारते, "सिस्टर, मला पोलीस नेतील का?" मी तिला सांगायचे, एक कायदा लिंग बघायला मनाई करतो, दुसरा गर्भ काढायला परवानगी देतो, तुझं काम दुसऱ्या कायद्यातलं. पण भिंतीवर पोस्टर एकाच कायद्याचं होतं. धाडी वाढल्यावर गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट ठेवणं बऱ्याच मेडिकलवाल्यांनी बंद केलं. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गेलं तरी "आम्ही ठेवत नाही" हेच उत्तर. काही डॉक्टरांनीही "आमच्याकडे होत नाही" म्हणायला सुरुवात केली. बाया पुन्हा आडवाटेने जायला लागल्या, ज्या आडवाटा बंद करायला १९७१ चा कायदा आला होता.

आणखी एका सहीचं सांगते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर महाराष्ट्रात पंचायत समिती, जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही, ग्रामपंचायतीलाही तोच नियम. २००५ पासून सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यानंतर एक नवीन दृश्य दिसायला लागलं. एरवी ओपीडीची पायरी न चढणारे नवरे निवडणुकीच्या सुमाराला स्वतः बायकोला घेऊन यायचे. "घ्या सिस्टर, कुठं सही करू?" पेन खिशात तयार. बायको मागे उभी, पदर तोंडाला. अशा वेळी मी त्यांना बाहेर चहा प्यायला पाठवायचे आणि बाईला एकटीला विचारायचे, "तुला हवंय का हे?" एकदा एक जण म्हणाला, "मी सही करतोय म्हटल्यावर तिला काय विचारायचं?" त्याला मी फॉर्म सी दाखवला. बाईच्या संमतीशिवाय गर्भपात केला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, हेही सांगितलं. तो चहा प्यायला गेला.

तिची एकटीची सही का, ते मला अशा दिवसांत नीट समजलं. नवरा नको म्हणत असताना ती उपयोगी पडते, आणि नवरा कर म्हणत असतानाही पडते.

कोर्टांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. चंदीगडकडच्या एका नवऱ्याने बायकोने आपल्याला न विचारता गर्भपात केला म्हणून बायको आणि डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लावला होता. तो उच्च न्यायालयात २०११ ला हरला आणि सर्वोच्च न्यायालयात २०१७ ला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगातल्या एका गरोदर कैद्याच्या निमित्ताने आपणहून प्रकरण हातात घेतलं आणि शरीर बाईचं, निर्णयही तिचाच, असं बजावलं. २०२१ च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' काढून 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले, वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत पुरेसं झालं, आणि काही बायकांसाठी मुदत चोवीसपर्यंत गेली. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या चोवीसमध्ये अविवाहित मुलींनाही घेतलं, आणि कायद्यात नसलेल्या अटी, घरच्यांची संमती वगैरे, डॉक्टरांनी घालू नयेत असं स्पष्ट म्हटलं. एकच डॉक्टर हा नियम नव्वदीत असता तर ती ट्रकवाल्याची बायको अठरा दिवसांनंतरही आमच्याकडेच मोकळी झाली असती.

तेव्हा कुणी सही मागितलीच तर भांडू नका, फॉर्म सी मागा. "मला सरकारी नमुना दाखवा" एवढंच म्हणा. आणि दिवस घालवू नका, या कामात तारीख सगळ्यात महाग असते.

मागच्या वर्षी नात्यातल्या एका मुलीबरोबर शहरातल्या एका खासगी दवाखान्यात गेले होते. चकचकीत काउंटर, कागद नाही, सगळं कॉम्प्युटरवर. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "हजबंडचं नाव, नंबर, कन्सेंट?" मी म्हटलं, कायद्याने लागत नाही. ती बिचारी गोड होती, वाद घालत नव्हती. म्हणाली, "मॅडम, मला माहितेय, पण तो रकाना मोकळा ठेवला की सॉफ्टवेअर पुढं जात नाही." मी आत जाऊन डॉक्टरांना भेटले. त्याही म्हणाल्या, नाहीच लागत. मग त्या स्वतः बाहेर आल्या, आणि आम्ही तिघी-चौघी त्या स्क्रीनपुढे उभ्या राहिलो. नवऱ्याच्या नावाच्या जागी रिसेप्शनवरच्या मुलीने आधी टिंब टाकून पाहिलं. नाही घेतलं. मग शून्य टाकलं. तेही नाही. शेवटी डॉक्टरबाईंनी कीबोर्ड ओढून 'लागू नाही' असं टाइप केलं, तेव्हा ते पुढं गेलं.