पणजोबांची तारीख, पणजीचं नाव

रविवार, रात्री

आज पणजोबांच्या कबरीवरचा दगड वाचून झाला. अक्षर न् अक्षर.

अलिबागजवळच्या आमच्या गावी, आम्हा बेने इस्राएलांच्या (म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या) कबरस्तानात सकाळी आठच्या आत पोचायचं ठरवलंच होतं. ऊन तिरपं असतं तेव्हाच झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दुपारी त्याच दगडावर नुसतं काळं शेवाळ. मामेभावाने घरातला आरसा आणला होता. तो बाजूला धरून त्याने ऊन आडवं पाडलं आणि मी पाण्याने, मऊ ब्रशने एकेक ओळ पुसत गेले. तारेचा ब्रश, खडू, घासायची पावडर यातलं काहीही दगडाला लावायचं नाही, यावर मी अडून बसले होते. कोकणातल्या शंभरावर पावसाळ्यांतून जे टिकलंय ते आपल्या हातून जायला नको.

खाली मराठी आहे, ते तर लहानपणापासून पाठ आहे. सामाजी, पेन्शनर जमादार, वय ६०, सन १९११. वरच्या हिब्रू ओळींकडे मात्र आमच्या घरात कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. तिथे महिना हेश्वान आणि तारीख १५ अशी स्पष्ट आहे. सालाची चार अक्षरं आहेत: ताव, रेश, आयिन आणि शेवटचं एक पुसट. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. ताव म्हणजे ४००, रेश २००, आयिन ७०. शेवटचं अक्षर बेथ धरलं तर २, काफ धरलं तर २०, आणि कोरताना ही दोन अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. ज्या पाथरवटाने ती कोरली त्याला हिब्रू येत असेल असं नाही, त्याने कागदावरची नक्षी दगडावर उतरवली असणार. मी बराच वेळ बोट फिरवत बसले. मग लक्षात आलं की काफ असूच शकत नाही. ७० आणि २० मिळून ९० होतात आणि ९० साठी त्सादे हे वेगळं अक्षर आहे. म्हणजे बेथच. ६७२. हजाराचा आकडा अशा दगडांवर बहुतेक वेळा सोडून देतात. तो धरला की ५६७२.

आता ५६७२ मधून ३७६० वजा केले की १९१२ येतात, आणि खाली मराठीत १९११ आहे. घरात कुणीतरी कधीतरी ही वजाबाकी केली असणार, म्हणूनच ‘दगडावरचं साल चुकलंय’ असं मी ऐकत आले. पण यहुदी वर्ष जानेवारीत बदलत नाही. ५६७२ हे वर्ष २३ सप्टेंबर १९११ ला सुरू झालं. हेश्वान हा त्यातला दुसरा महिना, तेव्हा तो १९११ मध्येच पडतो. दगड बरोबर आहे, खालूनही आणि वरूनही.

एवढं लिहूनही हात थांबत नाही. मामाला अजून फोन केलेला नाही. तो गेली कित्येक वर्षं १४ हेश्वानला पणजोबांसाठी कद्दिश, म्हणजे मृतांच्या स्मरणाची प्रार्थना, म्हणतोय.

मंगळवार

मामाच्या १४ तारखेचा उगम सापडला. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, सगळ्या मृत्यूंच्या तारखांची एक यादी केली होती. पणजोबांची तारीख त्यांनी सरकारी दाखल्यावरून घेतली, ५ नोव्हेंबर १९११, आणि यहुदी तारखांच्या कोष्टकात पाहून तिच्यापुढे १४ हेश्वान लिहिलं. कोष्टकही बरोबरच आहे.

तो दाखला ज्या नोंदीवरून निघाला ती मूळ नोंद आम्ही गेल्या वर्षी पाहिली होती. गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी अख्ख्या महाराष्ट्राने अभिलेख कक्षांकडे धाव घेतली, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, आणि जुनी बाडं बाहेर निघाली. त्या लाटेचा फायदा माझ्यासारख्या, त्या प्रश्नाशी काहीही संबंध नसलेल्या माणसालाही झाला. मोडी वाचकाने बोट ठेवून वाचून दाखवलं: ‘सामाजी, तेली, वय ५५, ताप.’

तेली! मामेभाऊ म्हणाला, “अगं, हे आपले नव्हेत, दुसरे कुणीतरी.” आपलेच होते. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून गावोगाव आपल्या लोकांना शनवार तेलीच म्हणत. १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरमध्येही हे नाव आलं आहे. कोतवालाने गावात जे ऐकलं ते लिहिलं. पलटणीच्या इंग्रजी कागदावर तेच पणजोबा ‘सॅम्युअल’ आहेत आणि दगडाच्या वरच्या भागात ‘शमुएल’. मुंबईत १७९६ साली पहिली मशीद बांधणारे सॅम्युअल इझेकिएल दिवेकर लोकांच्या तोंडी सामाजी हसाजीच होते (आमच्याकडे सिनेगॉगला जुनी माणसं अजून मशीदच म्हणतात). तेव्हा नावं वेगळी म्हणून माणसं वेगळी, असं आमच्यात धरून चालतच नाही.

वयाचं मात्र तसं नाही. दगडावर ६०, कोतवाल बुकात ५५. पेन्शनच्या कागदावर १८७८ साली भरती, तेव्हा वय २०. त्या हिशेबाने मृत्यूच्या वेळी ५३. मी पेन्शनच्या कागदाकडे झुकते, कारण तो ते तरुण असताना, त्यांच्या तोंडचं ऐकून लिहिला गेला. पण भरतीला आलेला माणूस वय कमी सांगू शकतो, हेही खरंच. साठ हा आकडा मला शोक करणाऱ्या घराचा वाटतो. मुलगा पाथरवटाला म्हणाला असेल, “साठ घाल.” मी तिन्ही आकडे ठेवणार आहे, प्रत्येकाच्या पुढे तो कुणी आणि कशासाठी लिहिला ते घालून. एक निवडून बाकीचे खोडायचा अधिकार मला नाही.

गुरुवार

इस्रायलमधल्या अश्दोदच्या मावशीला फोन केला. मावशीशी बोलायचं म्हणजे तास गेला समजायचं, आणि तो गेलाच. साठ वर्षं तिकडे राहूनही तिचं मराठी रायगडच्या मातीतलं आहे.

मी तिला विचारलं, तारीख ५ नोव्हेंबर असेल तर १४ हेश्वान हवी, दगडावर १५ कशी? ती लगेच म्हणाली, “अगो, रात्रीचे गेले ना ते! आई सांगायची, बाबांना मातीला नेलं त्या संध्याकाळी देवळात त्रिपुर लागला होता.”

मी फोन तसाच धरून पंचांग काढलं. त्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमा ६ नोव्हेंबरला होती, सोमवारी. म्हणजे माती सोमवारी दिली, आणि पणजोबा गेले ते आदल्या रात्री, रविवारी ५ तारखेला. कोतवालाची तारीख मध्यरात्री बदलते. आपली सूर्यास्ताला बदलते. रविवारी दिवे लागले तेव्हाच १५ हेश्वान सुरू झाला होता. कोतवाल बरोबर, दगड बरोबर, आणि अकरा वर्षांच्या पोरीने देवळाकडे पाहून लक्षात ठेवलेली ती संध्याकाळही बरोबर. जुळत नव्हतं ते फक्त कोष्टकाचं उत्तर, कारण कोष्टकाला वेळ कुणी सांगितलीच नव्हती.

यंदापासून मामा १५ ला म्हणेल. मला वाटलं होतं वाईट वाटून घेईल. तो म्हणाला, “एक दिवस आधी म्हटलेलंही पोचलं असेल.”

मावशीने मग नेहमीचा प्रश्न विचारला: जनगणनेचे कागद का काढत नाहीस? तिच्या शेजारणीच्या घरचे लोक मूळचे इंग्लंडचे. त्यांना १९११ चा, घरातल्या प्रत्येकाच्या नावासकटचा तक्ता घरबसल्या मिळाला. तिला समजावणं जड जातं. आपल्याकडे १० मार्च १९११ ला गणना झाली, तेव्हा पणजोबा जिवंत होते, गणनेचा माणूस त्यांच्या दारात आला असेल, त्याने धर्म विचारला असेल आणि ते ‘यहुदी’ किंवा ‘इस्राएल’ म्हणाले असतील. पण घरोघरचे ते तक्ते बेरजा झाल्यावर राखलेच नाहीत. राहिली ती छापील कोष्टकं. पुढे १९४८ च्या कायद्याने तर व्यक्तीची माहिती गुप्तच ठेवली, ती कुणाला पाहता येत नाही की कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पणजोबा त्या जाड खंडात आहेत, एका रकान्याच्या बेरजेत, एक म्हणून. पणजीही आहे, बायकांच्या रकान्यात.

आणि पणजीचं नाव निघालं की मावशी गप्प होते.

शुक्रवार, दुपारी

दिवे लावायच्या आत लिहून संपवते.

मावशीने १९६२ साली तिकडे लग्न ठरवलं. त्या सुमारास बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आईची, आईच्या आईची आणि जमेल तितकी त्याही मागची वंशावळ तपासायचा धार्मिक आदेश निघाला होता. आपले लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, आपल्या बाजूने ठराव केला आणि आदेश बदलावा लागला. हे सगळं इतिहासात आहे. मावशीच्या आठवणीत एक टेबल आहे आणि पलीकडचा माणूस. त्याने विचारलं, आईच्या आईचं नाव? आणि तिला ते सांगता आलं नाही. बायोच म्हणायचे सगळे. आजीही आपल्या आईला बायोच म्हणायची. तिला तेव्हा ‘उद्या या’ म्हणाले. लग्न झालं, उशिराने झालं. पण अजूनही तो प्रसंग सांगताना तिचा आवाज चढतो, आणि माझाही लिहिताना चढतो आहे. ज्या बाईच्या नावावर सगळं अडवलं होतं तिचं नाव लिहायची तसदी एकाही कागदाने घेतलेली नव्हती.

पणजोबांच्या शेजारीच तिचा दगड आहे. मराठी ओळ: ‘सामाजी यांचे कुटुंब.’ हिब्रूचा भाग कधीतरी फुटला आणि तिथे कुणी प्रेमाने सिमेंट थापलं. कोतवाल बुकात ‘सामाजीची बायको’. पेन्शनच्या कागदात ‘विधवा’. इथे परस्परविरोध नाही, सगळे कागद एका सुरात तिला वगळतात. तारखांचा घोळ मला त्यापेक्षा बरा वाटतो. दोन कागद भांडतात म्हणजे निदान दोघांनी त्या माणसाकडे पाहिलेलं असतं.

मामाच्या कपाटातलं जुनं प्रार्थनेचं पुस्तक काल पुन्हा उघडलं. कोऱ्या पानांवर जन्ममृत्यू टिपलेले आहेत हे माहीत होतं. पुठ्ठ्याच्या आत चिकटलेलं एक पान वाफ देऊन सोडवलं. आजाऱ्यासाठी करायच्या प्रार्थनेत माणसाचं नाव आईच्या नावाने घेतात, बापाच्या नव्हे. त्या पानावर बाळबोधीत, फिक्या शाईने होतं: ‘शमुएल बेन मिलका.’ पणजोबांच्या शेवटच्या तापात कुणीतरी हे लिहून ठेवलं असावं. मिलका ही पणजोबांची आई. माझी खापरपणजी. तिच्याबद्दल आमच्या घरात कुणाला काहीही ठाऊक नव्हतं. मी शोधत होते तिच्या सुनेला आणि भेटली सासू.

मी मामाकडे बसून रडले, लपवत नाही. मावशीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, आभाराचा मलिदा कर. करणार आहे. पोहे, ओला नारळ, खजूर, सगळं रविवारचं ठरवलं आहे.

शनिवार, शब्बाथ संपल्यावर

शब्बाथला लिहायचं नसतं, म्हणून दिवसभर हात बांधलेले होते, पण डोकं चालू होतं, आणि दुपारी एक गोष्ट सुचली.

आजी साधारण १९०० च्या आसपासची. वडील गेल्यावर तिला मुंबईला नातेवाइकांकडे धाडलं आणि तिथे शाळेत घातलं, एवढं ती सांगायची. १८७५ साली हैम सॅम्युअल केहिमकर आणि त्यांच्या भावंडांनी सुरू केलेली इस्राएली शाळा, तीच पुढे सर एली कदूरी. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचं नाव, जात, जन्मतारीख आणि पालकाचं नाव असे रकाने असतात. बाप हयात असला की तिथे बापच येतो. म्हणूनच तर बाकीच्या नोंदींत आया सापडत नाहीत. पण आजी ५ नोव्हेंबर १९११ नंतर दाखल झाली असेल तर त्या रकान्यात पणजोबा असणार नाहीत. कुणी काका-मामा असेल, तेही शक्य आहे. किंवा ती असेल, स्वतःच्या नावाने.

त्या काळची रजिस्टरं आता कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहेत ते विचारायला अर्ज लिहिला. आजीचं माहेरचं पूर्ण नाव, अंदाजे जन्मसाल, आणि दाखल होण्याचं साल १९११ अखेर ते १९१३. सोबत पणजोबांच्या मृत्युनोंदीची प्रत जोडली. सोमवारी स्वतः नेऊन देणार.