सतरा वर्षांखालील भारत : नोंदवहीची नवी मांडणी

मंडळी, भारताच्या सतरा वर्षांखालील मुलांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्यांची शीट पुन्हा उघडली आहे. आतापर्यंतची मांडणी स्पर्धेनुसार होती. आशियाई स्पर्धा एका टॅबमध्ये, सॅफ (दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा) दुसऱ्यात, विश्वचषक तिसऱ्यात आणि मैत्रीपूर्ण सामने शेवटी. दिसायला नेटकं, पण वाचायला बसलं की हाती काही लागत नाही. सीनियर संघाला ही पद्धत चालते, कारण सुनील छेत्रीसारखा माणूस २००५ पासून जवळपास वीस वर्षं त्याच जर्सीत असतो आणि आकड्यांना एक सलग धागा मिळतो. इथे मात्र मुलगा दोन वर्षांत वयाबाहेर जातो. २०१६चा संघ आणि २०१८चा संघ यांत सारखी असते ती फक्त जर्सी.

म्हणून आता मांडणी तुकडीनुसार करतोय. १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांची एक तुकडी, मग २००२ची, २००४ची, २००६ची. एएफसी, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघ, आपल्या स्पर्धेला २०१८ पर्यंत १६ वर्षांखालील म्हणत होती आणि २०२३ पासून १७ वर्षांखालील म्हणते. तुकडी धरली की हा घोळ आपोआप मिटतो. जन्मतारखेची अट हाच खरा पत्ता.

२०००ची तुकडी भरून झाली. सर्वांत जास्त वेळ तिलाच लागला, कारण या मुलांइतके सामने आपल्या कुठल्याच वयोगटाच्या वाट्याला आले नव्हते. यजमानपदामुळे २०१७च्या विश्वचषकात थेट प्रवेश होता आणि तयारीसाठी पैसा होता. सप्टेंबर २०१६ मध्ये गोव्यात आशियाई स्पर्धा झाली. संयुक्त अरब अमिरातीकडून २-३ हार, सौदी अरेबियाशी ३-३ बरोबरी, इराणकडून ०-३ हार. तीन सामन्यांत पाच गोल केले, नऊ खाल्ले. लगेच पुढच्या महिन्यात गोव्यातच ब्रिक्स स्पर्धेत ब्राझीलकडून १-३ हार झाली, पण तो एक गोल कोमल थाटलचा. ब्राझीलच्या जाळ्यात भारतीय मुलाने चेंडू मारला, ही नोंद ठळक करून ठेवली आहे. तेव्हाचे प्रशिक्षक जर्मनीचे निकोलाय अ‍ॅडम. २०१७च्या सुरुवातीला ते गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस आले.

इथेच शीटमधला सर्वांत वादाचा सेल येतो. मे २०१७ मध्ये ‘भारताने इटलीला २-० हरवलं’ अशी बातमी सगळीकडे झळकली. अभिजित सरकार आणि राहुल प्रवीण यांचे गोल. पुढे कळलं की समोर इटलीचा राष्ट्रीय संघ नव्हता, तिथल्या खालच्या लीगमधल्या क्लबांच्या मुलांचा निवड संघ होता. काही मित्रांचं म्हणणं, सामना झाला, गोल झाले, नोंद ठेवा. मी ठेवली आहे, पण ‘अनधिकृत’ या रकान्यात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या नावात इटली हा शब्द नाही. मुलांचा खेळ त्याने कमी होत नाही. आपल्या फुटबॉलमध्ये आनंदाला फार घाई असते, एवढंच त्यातून दिसतं.

विश्वचषकाचे तीन सामने तुम्हाला पाठच असतील. तिन्ही दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर. आधी यजमानांचा गट नवी मुंबईत खेळणार असं ठरलं होतं, पुढे क्रीडा मंत्रालयाच्या विनंतीवरून तो दिल्लीला गेला. नवी मुंबईच्या वाट्याला आपल्या गटातला एकच सामना आला, तोही अमेरिका विरुद्ध कोलंबिया. ६ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ०-३. ९ तारखेला कोलंबियाच्या पेन्यालोसाने ४९व्या मिनिटाला गोल केला, ८२व्या मिनिटाला संजीव स्टालिनच्या कॉर्नरवर जिकसन सिंगने हेडर मारला आणि स्टेडियम उभं राहिलं. भारताचा फुटबॉल विश्वचषकातला, कुठल्याही वयोगटातला, पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला पेन्यालोसाचा दुसरा. १-२. मी ‘आघाडी/बरोबरी किती वेळ टिकली’ असा एक वेगळा रकाना केला आहे, त्यातली सर्वांत छोटी नोंद हीच. १२ तारखेला घानाकडून ०-४. एकूण एक गोल केला, नऊ खाल्ले, गुण शून्य. गोलरक्षक धीरज सिंगने अडवलेले फटके धरले नाहीत तर हा आकडा काहीच सांगत नाही, पण त्याच्या प्रत्येक बचावाची खात्रीशीर मोजणी माझ्याकडे नाही, म्हणून तो रकाना रिकामाच राहील.

या तुकडीत आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस अशी क्लबांची नावं घेत मोठ्या झालेल्या आणि शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर बसून पंचांना शिव्या घालणाऱ्या गावाला विश्वचषकात आपलं पोरगं पाहायला मिळालं. त्या ऑक्टोबरमध्ये पेठांत जे वातावरण होतं ते कुठल्या रकान्यात बसवायचं, मला सुचलेलं नाही. विश्वचषकानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने ही मुलं घरी पाठवली नाहीत, ‘इंडियन अ‍ॅरोज’ या नावाने त्यांना आय-लीग या पुरुषांच्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरवलं. पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीवर ३-० विजय मिळाला, त्यातले दोन गोल अनिकेतचे. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या २० वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ हरवलं तेव्हाही तो मैदानात होता, अर्थात ५४व्या मिनिटाला लाल कार्ड मिळेपर्यंत. दहा जणांनी ६८व्या मिनिटाला अन्वर अलीच्या फ्री किकवर दुसरा गोल केला. समोरच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून लिओनेल स्कालोनी होते. चार वर्षांनी त्यांनीच अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून दिला. हा सामना खरं तर माझ्या शीटच्या वयोगटाबाहेरचा, पण तुकडीनुसार मांडणी केल्याचा हा पहिला फायदा. स्पर्धेच्या टॅबमध्ये त्याला जागाच नव्हती.

२००२ची तुकडी भरायला त्या मानाने सोपी गेली, आणि माझ्या मते नीट अभ्यासावी अशी हीच आहे. सप्टेंबर २०१८, मलेशिया, प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. व्हिएतनामवर १-०, विक्रम प्रताप सिंगची ८६व्या मिनिटाची पेनल्टी. इराणशी ०-०, त्यात नीरज कुमारने पेनल्टी अडवली. इंडोनेशियाशी ०-०. साखळीत एकही गोल न खाता उपांत्यपूर्व फेरी. तिथे दक्षिण कोरियाकडून ०-१, आणि तो गोलही उत्तरार्धातला. जिंकले असते तर थेट विश्वचषकाचं तिकीट होतं, कारण तेव्हा आशियातून चार संघ जात. चार सामने, एक गोल केला, एक खाल्ला. २००२ मध्येही आपण उपांत्यपूर्व फेरीत कोरियाकडूनच हरलो होतो, १-३. म्हणजे या स्पर्धेत भारताची सर्वोत्तम मजल दोनदा एकाच दारात अडली.

आता दोन तुकड्या शेजारी ठेवून ‘पुढे काय झालं’ हा रकाना भरला तेव्हा मी जरा चक्रावलो. विश्वचषकात तिन्ही सामने हरलेल्या मुलांमधून जिकसन, सुरेश सिंग वांगजम, लालेंगमाविया (अपुइया), अन्वर अली, रहीम अली सीनियर संघात पोचले. कोरियाला घाम फोडणाऱ्या तुकडीतलं माझ्या यादीतलं ठळक नाव विक्रम प्रताप. निकाल चांगला असलेल्यांना पुढे कमी मिळालं, असं का? मला वाटतं उत्तर अ‍ॅरोजमध्ये आहे. पहिल्या तुकडीला सतराव्या-अठराव्या वर्षी पुरुषांच्या लीगमध्ये पूर्ण हंगाम मिळाला, एकत्र राहून, हरून-जिंकून. दुसऱ्या तुकडीतले काही जणही अ‍ॅरोजकडून खेळले, पण तोवर तिच्याभोवतीचा पैसा आणि कॅमेरे दोन्ही ओसरले होते. कुणाला हे पटत नसेल तर सांगा, पण नावांची यादी समोर ठेवून सांगा.

२००४च्या तुकडीची ओळ पाहून वाईट वाटतं. २०१९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कल्याणीत सॅफच्या अंतिम सामन्यात नेपाळवर ७-०. सप्टेंबरमध्ये ताश्कंदच्या पात्रता फेरीत तुर्कमेनिस्तान ५-०, बहरीन ५-०, यजमान उझबेकिस्तानशी १-१. अकरा गोल केले, एक खाल्ला, गटात पहिले. मग करोना आला. बहरीनमधली मुख्य स्पर्धा पुढे ढकलली आणि शेवटी रद्दच झाली. २०२१चा विश्वचषकही झाला नाही. या मुलांच्या मुख्य स्पर्धेच्या सेलमध्ये शून्य लिहायचं की रेघ मारायची यावर आमच्या गटात बरीच हमरीतुमरी झाली. मी रेघ मारली आहे. शून्य म्हणजे खेळून मिळालेलं काहीतरी असतं.

सॅफबद्दल थोडक्यात. २०१३, २०१७, २०१९, २०२२, २०२३, २०२४, २०२५ ही विजेतेपदं वेगवेगळ्या वयोगटाच्या नावांनी नोंदली आहेत (१५, १६, १७ वर्षांखालील, दर वेळी नियम निराळा). ती मी फिक्या रंगात ठेवली आहेत. नेपाळ-बांगलादेशला कमी लेखायचं नाही. २०२५ ची कोलंबोतली अंतिम लढत बांगलादेशविरुद्ध पेनल्टीपर्यंत गेलीच होती. पण एकूण विजयांची टक्केवारी काढताना सॅफ मिसळलं की आपण आशियात फार बलाढ्य आहोत असं वाटायला लागतं.

तसंच गोलफरकाचं. ऑक्टोबर २०२४ ची पात्रता फेरी बघा. ब्रुनेईवर १३-०, तुर्कमेनिस्तानवर १-०, थायलंडकडून २-३. सोळा गोल केले, तीन खाल्ले आणि २०२५ची आशियाई स्पर्धा हुकली. शेजारी २०१८ची ओळ ठेवा, एक गोल करून एक खाल्लेली. म्हणून ‘एकूण गोल’ हा रकाना आता मी लपवून ठेवला आहे, हवा असेल त्याने उघडावा. २०२३च्या थायलंडमधल्या आशियाई स्पर्धेतही हेच. व्हिएतनामशी १-१, उझबेकिस्तानकडून ०-१, जपानकडून ४-८. जपानला चार गोल मारणारा भारतीय संघ, असं कुणी अर्धवट वाक्य लिहिलं तर तेही खोटं नाही!

ताजी भर नोव्हेंबर २०२५ ची. अहमदाबादला पात्रता फेरी, प्रशिक्षक पुन्हा बिबियानो. लेबनॉनकडून ०-२ हरल्यावर मी ती ओळ जवळपास बंद केली होती. शेवटच्या सामन्यात इराण. आधी गोल खाल्ला, मग २-१ ने जिंकून २०२६ च्या आशियाई स्पर्धेत प्रवेश.

इथून पुढे मांडणीचा नवा प्रश्न आहे. १७ वर्षांखालील विश्वचषक २०२५ पासून कतारमध्ये दर वर्षी होतोय, ४८ संघांचा. म्हणजे तुकडी दोन वर्षांची राहत नाही, दर वर्षी नवी. एकच मुलगा दोन तुकड्यांत दिसू शकतो. मी खेळाडूला एक कायम क्रमांक देऊन तो दोन्हीकडे जोडायचा विचार करतोय. आशियाच्या जागाही वाढल्यात, आता उपांत्यपूर्व फेरी गाठली की विश्वचषक पक्का. हा नियम २०१८ मध्ये असता तर विक्रम आणि नीरज कोरियाशी खेळायच्या आधीच पात्र ठरले असते.

पुढचं काम १९९० आणि १९९६च्या आशियाई स्पर्धांचं. निकाल मिळतील, पण मला पूर्ण अकरा आणि बदली खेळाडू हवे आहेत. कुणाच्या घरी त्या काळातली क्रीडा मासिकं किंवा वर्तमानपत्रांची कात्रणं असतील तर फोटो काढून पाठवा. तारीख आणि अंकाचं नाव दिसेल असा फोटो काढा. त्याशिवाय मी शीटमध्ये घेणार नाही.