तुम्ही विचारलंत म्हणून: हॉस्टेलला टायमिंग असावं का?

ॲडमिशनचा सीझन आला की ओळखीपाळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, मी बरीच वर्षं मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होते ना, आणि कॉलेज कसंय, शिकवतात कसं वगैरे सगळं राहतं बाजूला, पहिला प्रश्न हाच, 'गेट किती वाजता बंद होतं?' मुलाच्या आईवडिलांनी हे विचारल्याचं मला तरी आठवत नाही, ते वायफायचं विचारतात.

तर माझं उत्तर असं की गेट बंद असावं, जरूर असावं, पण आत राहणाऱ्यांसाठी नाही. रात्री परक्या माणसाला अडवायलाच तर वॉचमन असतो. जिची खोली तिथेच आहे, जिने फी भरलीय, तिला अंधारात गेटबाहेर उभं करून आपण नेमकी कुणाची सिक्युरिटी करतोय हे मला रेक्टरच्या खुर्चीत बसूनही कधी कळलं नाही.

होतं काय ते सांगते. गेट साडेनऊला बंद आणि मुलगी पावणेदहाला कोपऱ्यावर. ट्रॅफिक लागलं, प्रॅक्टिकल लांबलं, किंवा सिनेमाला गेली होती, गेली तर गेली. आता तिचा हिशोब सुरू होतो की आत गेले तर रजिस्टरमध्ये लेट मार्क, उद्या ऑफिससमोर उभं राहा, मग घरी फोन, आणि घरून जे ऐकावं लागेल ते वेगळंच. त्यापेक्षा ती सरळ कुणाच्या तरी रूमवर जाते आणि रूममेट इकडे सांगते 'लोकल गार्डियनकडे आहे'. म्हणजे जिला पंधरा मिनिटं उशीर झाला ती अख्खी रात्र बाहेर, कुठे आहे कुणाला पत्ता नाही, आणि आमच्या रजिस्टरमध्ये मात्र सगळं ओके! बरं, तिथे काही वेडंवाकडं झालं तर ती फोन कुणाला करणार? रेक्टरला तर नक्कीच नाही, कारण खोटं तिथेच सांगितलंय.

हे मी एकटीच म्हणतेय असंही नाही. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, लैंगिक छळाबद्दलची २०१५ ची नियमावली आहे, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावायचे नाहीत. वाचतं कोण? २०२२ मध्ये कोळिकोड मेडिकल कॉलेजच्या मुली साडेनऊच्या टायमिंगविरुद्ध केरळ हायकोर्टात गेल्या, कोर्टाने विचारलं की बंधन मुलींनाच का, आणि केस चालू असतानाच डिसेंबरमध्ये सरकारला नवीन ऑर्डर काढावी लागली, मुलामुलींना सारखीच. मेडिकलच्या मुली हो, उद्या नाइट ड्यूटी करणाऱ्या!

यावर काही जण म्हणतात, मग मुलांनाही लावा की तेच टायमिंग. लावा, पण त्याने वरचा घोळ सुटत नाही, फक्त आता मुलगेही खोटं बोलतील.

आईवडिलांची काळजी खोटी नाही, आणि फर्स्ट इयरला अठरा पूर्ण न झालेली मुलं असतात, त्यांच्यासाठी घरच्यांशी बोलून वेगळं ठरवावं लागतं, मान्य. पण बाकीच्यांसाठी कुलूप सोडून बरंच काही करता येतं, फक्त त्याला पैसे लागतात. लायब्ररीपासून हॉस्टेलपर्यंत दिवे, उशिरापर्यंत कॅम्पसची बस, रात्रभर जागा राहणारा वॉचमन, रात्री दोनलाही उचलला जाणारा फोन. कोण किती वाजता आलं याची नोंद जरूर ठेवा, आग लागली तर आत कोण आहे हे कळायला हवं, फक्त त्या नोंदीवरून शिक्षा नको. रात्री अकरानंतर कॉरिडॉरमध्ये दंगा नको हा नियम मात्र मी कडक पाळायला लावायचे, शेजारच्या खोलीत कुणाचा तरी सकाळी पेपर असतो.

त्यामुळे हॉस्टेल बघायला जाल तेव्हा गेट कधी बंद होतं हे विचारू नका. विचारा की माझी मुलगी रात्री बाराला गेटवर आली तर तुमचा वॉचमन काय करेल, आणि 'आधी आत घेईल' एवढं पटकन उत्तर आलं नाही तर दुसरं हॉस्टेल बघा.