तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या बोटात लग्नाची अंगठी का नसते

लग्नाला गेलो, बारशाला गेलो, नवीन गिऱ्हाइकाकडं कामाचं ड्रॉइंग समजून घ्यायला गेलो तरी कुणीतरी माझ्या हाताकडं बघतं आणि विचारतं, दादा, अंगठी कुठाय तुमची? पुरुषमाणसं सरळ विचारतात, बायका जरा आवाज खाली घेऊन, म्हणजे घरी सगळं बरं आहे ना असा त्यात सूर असतो, आणि तोच प्रश्न मग आमच्या मंडळींनाही येतो. तिला तर माहेरच्यांनी दोनतीनदा बाजूला घेऊन विचारलंय. दरवेळी मी "कामामुळं" एवढंच म्हणतो आणि ते कुणाला पटत नाही, म्हणून एकदा सगळं लिहितोय.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, तीन लेथ (लोखंड गरगर फिरवून कापायची मशीन), एक मिलिंग, एक ड्रिल, पाच पोरं कामाला. अंगठी आमच्या साखरपुड्यातली, २००६ ची, गुजरीतून म्हणजे सराफ बाजारातून केलेली, अर्ध्या तोळ्याची, आतल्या बाजूला तिच्या नावाचं पहिलं अक्षर. तेव्हा मी दुसऱ्याच्या शॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, होतो आणि अंगठी घालूनच काम करायचो, सगळेच करायचे. आमच्यात पाचपैकी तिघांच्या बोटात काही ना काही असायचंच, लग्नाची नाहीतर पुष्कराज, गोमेद.

२००९ च्या पावसाळ्यात कास्टिंगचा, म्हणजे ओतीव लोखंडी मालाचा, टेम्पो आला. आमच्यातला एक पोरगा, लग्नाला दीडेक वर्ष झालेलं, माल उतरवून हौद्यातून खाली उडी मारायला फाळक्यावर, म्हणजे मागच्या फळीवर, हात टेकून सुटला. रोज मारायचो आम्ही तशी उडी, चारसाडेचार फुटांची. त्याचे पाय जमिनीला लागले आणि हात वरच राहिला. फाळक्याच्या हुकात अंगठी अडकली होती आणि सगळं वजन त्या एका बोटावर आलं. तो ओरडला पण नाही, नुसता हाताकडं बघत उभा राहिला. पुढचं फार सांगत नाही, हातमोजा काढावा तशी बोटाची कातडी निघून आली होती. अंगठी मात्र जशीच्या तशी, तिला ओरखडासुद्धा नव्हता.

त्या दिवशी आमची एक चूक झाली ती सांगायलाच पाहिजे. निघालेला भाग आम्ही रसाच्या गाडीवरून बर्फ आणून थेट बर्फात ठेवला, कारण सगळ्यांनी ऐकलेलं असतंय की बर्फात ठेवायचं. डॉक्टर म्हणाले असं करायचं नसतं, बर्फ थेट लागला की मांस थंडीनंच खराब होतं. स्वच्छ कापड किंवा गॉज पाण्यानं ओलं करून पिळायचं, त्यात गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. एवढं साधं होतं. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

खरं नुसत्या बर्फाचाच प्रश्न नव्हता. मला वाटायचं कापलेलं बोट जोडतात तसं हेही जोडतील. डॉक्टरांनी समजावलं की कोयत्यानं साफ तुटलेलं बोट त्या मानानं जोडायला बरं, कारण रक्तवाहिनी एका ठिकाणी कापली जाते. बोटाच्या दोन्ही बाजूंना एकेक रक्तवाहिनी आणि एकेक नस असते, आणि अंगठीनं ओरबाडलं की त्या ताणून तुटतात, लांबपर्यंत आतून फाटतात, मग नुसती टोकाला टोकं जोडून भागत नाही, दुसरीकडची शीर काढून मधे घालावी लागते आणि तरी रक्त फिरेलच असं नसतं. अशा जखमेला डॉक्टरी भाषेत रिंग अव्हल्शन म्हणतात, ती किती खोल आहे त्याच्या पायऱ्यासुद्धा ठरलेल्या आहेत, १९८१ पासून त्या वापरात आहेत. आमच्या पोराची पायरी शेवटची निघाली. बोट मुळापासून काढलं.

मी घरी आलो आणि अंगठी काढून देवघरात ठेवली. पण मन लागेना, म्हणून दोन दिवसांनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. आमचे जुने मिस्त्री होते, त्यांनी शर्टाच्या गुंड्यांतून दोरा बघितला आणि मशीन बंद करून माझ्यापुढं येऊन उभं राहिले. म्हणाले, बोटाऐवजी मुंडकं द्यायचं ठरवलंस काय? त्यांचं बरोबर होतं, अंगठी परत देवघरात गेली. लेथचा चक, म्हणजे माल पकडून फिरवणारा भाग, ४८० आरपीएमला (मिनिटाला ४८० फेरे) फिरत असला म्हणजे सेकंदाला ८ फेरे, आणि काहीतरी अडकलंय हे कळून हात मागं घ्यायला माणसाला पाव सेकंद तरी जातोच, तेवढ्यात चकाचे २ फेरे होऊन गेलेले असतात. शाफ्टला हातानं पॉलिश पेपर मारताना तर बोटं अगदी फिरत्या लोखंडाजवळ असतात. १९४८ च्या कारखाना कायद्यात चालत्या मशीनची तपासणी करणाऱ्या माणसाला अंगाला घट्ट बसणारे कपडे पाहिजेत असं उगाच लिहिलेलं नव्हतं. लोंबणारं, फिरणारं, अडकणारं काहीच नको, हातमोजेसुद्धा लेथवर नकोत, हे पोरांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तुम्ही म्हणाल आम्ही कुठं लेथवर उभं असतो. आता गॅरेजवाल्यांचं बघा. आमच्या शेजारच्या गॅरेजात एका मेकॅनिकनं बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला पाना लावला आणि हातातली अंगठी एका बाजूनं पान्याला, दुसऱ्या बाजूनं गाडीच्या बॉडीला टेकली. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण शॉर्ट झालं की त्या बॅटरीतून शेकड्यानं अँपिअर वाहतात आणि सोनं तर विजेला उत्तम वाट देणारं, अंगठी क्षणात चटका देण्याइतकी तापते आणि बोटाभोवती असल्यामुळं झटकून टाकता येत नाही. त्याच्या बोटाला गोल कडं भाजल्याचा डाग अजून आहे. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढायचं हे त्याला माहीत होतं, घाईत राहिलं.

आणि घरातसुद्धा होतं. अमेरिकेतला टीव्हीवरचा जिमी फॅलन, तो २०१५ मध्ये स्वतःच्या स्वयंपाकघरात पायाखालच्या जाजमाला अडखळून पडला, पडता पडता ओट्याला अंगठी अडकली आणि बोट जवळजवळ गेलंच, सहा तास ऑपरेशन आणि दहा दिवस आयसीयूत. त्याचं बोट वाचलं. आपल्या पोरांचं तर मला रोज भ्या वाटतं, पेठेतली पोरं शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच बघायला जातात आणि जाळीवर, गेटावर चढतात, वरून उड्या मारतात. मैदानातल्या खेळाडूला रेफरी अंगठी घालून खेळू देत नाही, वरनं पट्टी गुंडाळली तरी चालत नाही, नियमच आहे तो. जाळीवरच्या पोराला कोण अडवणार?

सुजेचं मात्र बायकांना जास्त माहीत असायला पाहिजे. आमच्या मंडळींना आठव्या महिन्यात हातपाय सुजले, अंगठी निघेना आणि जोडवी पण रुतायला लागली. जोडवी काढायची म्हटल्यावर घरात जरा कुरबूर झाली, आईनंच शेवटी तोडगा काढला, म्हणाली जोडवी काढ आणि हळदीचा दोरा बांध सैल. अंगठी दोऱ्यानं काढली, तो प्रकार सांगून ठेवतो. शिवणाचा मजबूत दोरा, एक टोक अंगठीखालून हाताच्या बाजूला काढायचं, उरलेला दोरा अंगठीपासून नखाकडं शेजारी शेजारी घट्ट गुंडाळत पेराच्या पुढं न्यायचा, म्हणजे सूज दाबली जाते. मग हाताकडचं टोक धरून उलगडत जायचं, अंगठी दोऱ्यावरून एकेक वेढा पुढं सरकते. बोट निळंपांढरं पडलं असेल, बधिर असेल किंवा मोडलं असेल तर मात्र हे करत बसू नका, दवाखान्यात जाऊन कापून घ्या, सोनं परत डाखता येतं. आणि हाताला मार लागला, भाजलं, गांधीलमाशी चावली की सूज यायच्या आधी, पहिल्या मिनिटाला अंगठी काढा.

हल्ली पोरं काळ्या टंगस्टनच्या अंगठ्या ऑनलाइन मागवतात. टंगस्टन कार्बाइड म्हणजे आमच्या लेथच्या टूलची टिप असते ना, तेच, ज्यानं आम्ही पोलाद कापतो. साध्या रिंग कटरनं ती कापत नाही. पकडीत धरून दाब देऊन तडकवावी लागते, आणि हे आपल्या दवाखान्यातल्या माणसाला त्या वेळी सुचायला पाहिजे. सोनं मऊ असतं, निदान कापता तरी येतं. घालायचीच असली तर सिलिकॉनची घाला, ओढ बसली की ती तुटते, बोट राहतं.

माझ्या शॉपमध्ये आता अंबाबाईच्या फोटोखाली स्टीलचा डबा आहे. सकाळी आल्यावर अंगठ्या, कडी, घड्याळं, हातातले गंडे सगळं त्यात. ग्रहाच्या अंगठीवर सुरुवातीला वाद झाला, "काढू नको म्हणून सांगितलंय" असं एक पोरगं म्हणत होतं, मी त्याला म्हटलं देवीसमोरच ठेवतोयस की. दोन दिवस त्यानं तोंड फुगवलं, मग ठेवायला लागला.

मंडळींना सुरुवातीला वाईट वाटलं होतं, ते तिनं लपवलं नाही. मग त्या पोराच्या घरी आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं ती अंगठी दाखवली, रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेली. येताना रंकाळ्यापर्यंत ही काही बोलली नाही. घरी आल्यावर देवघरातली माझी अंगठी तिनं उचलली आणि स्वतःच्या दागिन्यांच्या डब्यात, मंगळसूत्राच्या कप्प्यात ठेवली.

खंडेनवमीला सगळी मशिनं बंद असतात, धुऊन पुसून, झेंडूचे हार घातलेले, चकाला हळदकुंकू. त्या दिवशी ती पूजेला शॉपमध्ये येते, डबी आणते, आणि अंगठी माझ्या बोटात घालते.