चप्पल कुठे गेली?

मंगळवार, रात्री साडेदहा

चपलेच्या गोष्टीचा नवा खर्डा आज संध्याकाळी सोसायटीतल्या पोरांना वाचून दाखवला. वयं तीन ते पाच. मोठी माणसं कंटाळली तरी मान डोलावतात, ही मंडळी सरळ उठून जातात.

१९६९ साली अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी एडवर्ड पामर नावाच्या संशोधकाने हेच मोजायची युक्ती काढली होती. टीव्हीवर कार्यक्रम चालू आणि शेजारच्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी नवं चित्र. मूल टीव्ही सोडून चित्राकडे कधी वळतं, त्याची नोंद ठेवायची. कोथरूडात एवढ्या खटाटोपाची गरज नाही. आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार कोणीतरी उघडं टाकतंच, आणि मग ती बाई ‘कृपया दरवाजा बंद करें’चा जप लावते. आज जप सुरू झाला तेव्हा मी पावसाच्या वर्णनावर होते. सगळी डोकी दाराकडे! पुढे चप्पल शोधायच्या पानावर बाई पुन्हा सुरू झाली, तर एकही जण ढिम्म हलला नाही. पावसाचा परिच्छेद रात्रीच उडवला. छान होता, पण तो मी माझ्यासाठी लिहिला होता.

‘कॉटखाली आहे का?’ असं वाचून थांबले. थांबणं फार जड जातं. दोन-तीन सेकंद कोणी बोललं नाही की उत्तर देऊन टाकावंसं वाटतं. १९९६ साली आलेल्या ‘ब्लूज क्लूज’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात निवेदक प्रश्न विचारून कॅमेऱ्याकडे बघत गप्प उभा राहायचा. मोठ्यांना बघताना अवघडल्यासारखं होतं, पण घरोघरी मुलं तेवढ्यात उत्तर ओरडायची. एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायचे, आणि दिवसागणिक मुलं कंटाळण्याऐवजी जास्तच बोलायची. मला याचं नवल वाटलं नाही. आजी चिऊ-काऊची गोष्ट रोज सांगायची. ‘चिऊताई चिऊताई दार उघड’ म्हणून ती थांबली, की ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे’ हे आम्हीच म्हणायचं. तिने तीट-काजळाचा क्रम बदलला तर आम्ही भांडायचो.

तर, कॉटखाली. मी गप्प. एक चिमुरडी उठली, फरशीवर पालथी पडली आणि माझ्या दिवाणाखाली डोकं घालून बघू लागली. एक जुनी पुरवणी आणि केसांना चिकटलेलं जळमट घेऊन बाहेर आली. ‘काकू, इथे पण नाहीये.’ मग बाकीचेही शोधायला लागले. गोष्ट पाच-सात मिनिटं तशीच पडून राहिली. या वेळात मी वाचत राहिले असते तर काय मिळवलं असतं, कोण जाणे.

ओळखीच्या एका संपादकांनी मागे विचारलं होतं, ‘यातून मुलं काय शिकतील?’ त्यांना शेवटी ‘वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात’ असं हवं होतं. तीन वर्षांच्या पोराला हे आई दिवसातून दहा वेळा ऐकवते. त्यासाठी मी आणि चित्रकाराने कशाला राबायचं? हरवलेली चप्पल शोधायला मिळणं हाच त्यांचा आनंद आहे, आणि शोधताना आत-बाहेर, वर-खाली हे शब्द आपसूक तोंडी बसतात. एवढं शिक्षण पुरे.

चप्पल कुत्र्याने नेली, हे मात्र ठरलं. मी ती पाळण्यात ठेवली होती, पण सगळ्यांनी एकमुखाने कुत्र्याचं नाव घेतलं, आणि पाळणा कोणालाच सुचला नाही. उद्या चित्रकाराला फोन करायचा: दुसऱ्या पानावर दाराच्या कोपऱ्यातून शेपटीचं टोक दिसू दे. गोष्टीतल्या मुलीला ते दिसता कामा नये. आणि पाऊस खिडकीतून नुसता दिसला तरी चालेल, त्याच्यावर ओळ नको.