दप्तराच्या तळाशी

शनिवारची सकाळची शाळा होती. चौथीतल्या एका मुलाच्या आईला मी बोलावून घेतलं होतं. शाळेत समुपदेशक म्हणून ही माझी आठ वर्षं. मुलाची तक्रार नेहमीचीच: बाकावर बसत नाही, प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, मधेच दुसऱ्याची पट्टी घेऊन पळतो. आठवीतली बहीणही सोबत आली होती, कारण घराची किल्ली आईकडे.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात पठ्ठ्या कपाटावर चढून बसला. त्याची बहीण खिडकीबाहेर बघत होती.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार, हा शब्द आईने मोबाईलवर वाचला होता. मी समजावू लागले. याची तीन रूपं असतात. एकात चंचलता आणि उतावीळपणा जास्त, दुसऱ्यात लक्ष न टिकणं जास्त, तिसऱ्यात दोन्ही. पूर्वी यांना 'प्रकार' म्हणत, 2013 पासून डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीत, तो शब्द नाही, कारण वयानुसार रूप बदलू शकतं. निदानासाठी नऊपैकी कमीत कमी सहा लक्षणं, सहा महिने, तीही घरी-शाळेत अशी किमान दोन ठिकाणी, आणि सुरुवात बाराव्या वर्षाच्या आत. निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात, मी फक्त चिठ्ठी देते.

दुसऱ्या रूपाची लक्षणं वाचत होते. वस्तू हरवणं, सांगितलेलं अर्ध्यावर राहणं, समोर बोलत असतानाही ऐकत नसल्यासारखं वाटणं. आई एकदम म्हणाली, "मॅडम, हे तर आमच्या थोरलीचंच चाललंय."

मला ओशाळल्यासारखं झालं. ही मुलगी तीन वर्षं माझ्याच शाळेत. तिची प्रगतिपुस्तकं मागवली. दरवर्षी वेगळ्या बाई, वेगळं अक्षर, शेरा मात्र जवळपास एकच: 'शांत, गुणी. लक्ष दिल्यास प्रगती करेल.' लक्ष दिल्यास! दुखणं सगळ्यांनी लिहून ठेवलं होतं, वाचलं कुणीच नव्हतं. चंचलतेशिवायचं हे रूप 1980 च्या डीएसएममध्येही नोंदलेलं आहे. पण कपाटावर न चढणाऱ्या मुलीला माझ्याकडे कोण पाठवणार?

"गृहपाठ करत नाहीस का गं?" मी विचारलं.

तिने दप्तर टेबलावर उपडं केलं. छिललेल्या पेन्सिली, वाळून कडक झालेली अर्धी पोळी, गेल्या सत्रातल्या सहलीचं सही केलेलं संमतिपत्र आणि तळाशी चुरगळलेले गणिताचे चार कागद. चारही पूर्ण सोडवलेले.

"मग दिले का नाहीस?"

"बाई मागतात तेव्हा केलेत हेच आठवत नाही." मग कागद सरळ करत हळूच म्हणाली, "मला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं. बाकीचे सांभाळून घेतात, मीच वेंधळी."

नोंदीच्या फॉर्मवर 'तुला काय चांगलं जमतं' असा रकाना असतो. तो तिने कोराच ठेवला. कपाटावरून आवाज आला, "ताईने गणपतीचं मखर केलंय! पुठ्ठ्याचं, दोन मजली! जेवायला पण उठली नाही!"

"पण अभ्यासाच्या वह्यांना कव्हरं राहिली," ती म्हणाली. आई हसली, मग तीही.

एडीएचडी म्हणजे दैवी देणगी वगैरे म्हणणं मला पटत नाही. त्या पोळीत आणि त्या कागदांत देणगी कसली? पण लक्ष नसतंच असंही नाही. ते हुकमी नसतं, हव्या त्या कामाला हव्या त्या वेळी जुंपता येत नाही, हे मात्र तिला सांगितलं. कमानी कशा कापल्या ते विचारल्यावर दहा मिनिटं ती बोलत होती, खिडकीकडे न बघता. कोऱ्या रकान्यात तिने 'मखर' लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

वर्गशिक्षिकेशी बोलून एवढं ठरलं: पहिला बाक, आणि गृहपाठ मागायचा नाही, सकाळी वर्गात शिरतानाच दारात हातातून घ्यायचा.

चिठ्ठी एक लिहून ठेवली होती, दुसरी लिहिली. ते गेल्यावर माझी नोंदवही काढली. तीन वर्षांत याच कारणाने माझ्याकडे पाठवलेली मुलं अठरा, त्यात मुली दोन. सोमवारच्या पानावर लिहिलं: प्रत्येक वर्गातून गृहपाठ न देणाऱ्या 'गुणी' मुलींची यादी मागवणे.